केरबातात्यांचं अर्धं धोतर

फार वर्षांपूर्वी, आपल्या बोरखडीचा माळ आजच्याइतकाच बोडका होता तेव्हा, केरबातात्या फोटोवाले गावोगाव फिरत. तिपाईवर लाकडी पेटी, पेटीवर काळं कापड. फोटो काढायचा तो भर दुपारीच. ऊन जितकं कडक तितका फोटो चोख, असा त्यांचा हेका. माणसाला उन्हात उभं करायचं, आपण काळ्या कापडात डोकं घालायचं आणि आतून ओरडायचं, "हलू नगा." त्या आवाजाने सूर्यसुद्धा माथ्यावर थबकायचा, असं म्हणतात.

चांगुणाबाई ही गावातली हसरी बाई. पहाटे दळायला बसली की तिचं हसू वेशीपर्यंत ऐकू जायचं, असं म्हणतात. एका जत्रेत ती फोटोला उभी राहिली आणि म्हणाली, "लई ऊन लागतंय, तात्या."

"हलू नगा," तात्या कापडाखालून म्हणाले. बाई हलली नाही.

त्याच साली ती तापाने गेली. मागे राहिली तान्ही हौसा आणि तो फोटो. हौसा कळती झाल्यावर तात्या पुन्हा जत्रेला आले, तेव्हा ती फोटो घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली. तिने आई पाहिली ती तेवढीच. कपाळाला आठ्या, ओठ आवळलेले, डोळ्यांच्या जागी काळे खड्डे.

"आई माझ्यावर रागावली हुती का?" तिने विचारलं.

तात्यांना तोंड लपवायला जागा उरली नाही. बाईने सांगितलं होतं, आणि तेव्हा आपण स्वतः सावलीत होतो, हे त्यांना आठवलं. त्यांना फार लाज वाटली.

"न्हाई पोरी. त्यो राग न्हाई, ऊन हाय. मीच तिला उन्हात उभी केली."

पोरीला ते पटेना. फोटोत राग तर दिसत होता.

मग तात्यांनी नेसतं धोतर मधोमध फाडलं. अर्धं गुडघ्यापर्यंत गुंडाळलं, अर्धं काठ्यांना बांधून हौसाच्या डोक्यावर ताणलं. ऊन त्यातून गाळून खाली आलं.

"ऊन लागतंय का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली आणि हसली.

फोटो निघाला, तर त्यात हौसाच्या चेहऱ्यातून चांगुणाबाई हसत होती. गावातल्या बायकांनी पदर तोंडाला लावला. हौसा जन्मभर त्याच फोटोला आई म्हणत राहिली, असं म्हणतात.

गावाने तात्यांना डोक्यावर घेतलं, पण त्यांनी मान वर केली नाही. पुढे ते कधी पुरतं धोतर नेसले नाहीत. जिथे जिथे माणसं उन्हात उभी केली होती, तिथे तिथे ते अर्धं धोतर घेऊन गेले. ते वारले त्या दुपारी आपल्या माळावर धोतराएवढाच एक ढग येऊन उभा राहिला, असं म्हणतात.

आजही बोरखडीत लग्नाचा फोटो असो की मोबाइलवरचा, आधी दोघं जण डोक्यावर पांढरं धोतर धरतात. बाहेरगावचा फोटोवाला "हसा" म्हणाला, तर म्हातारी माणसं त्याला गप्प करतात. आपल्याकडे आधी "ऊन लागतंय का?" असं विचारायचं असतं, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं असतं.