चारशे बारा मतं

“मग तिला एकटीलाच दरीतून वर येऊ देऊ, की तिच्या आजोबांना आणून सोडवू, तात्या?”

तात्यांनी मान वर केली नाही. ते एका जुन्या चित्राच्या पाठीला चिंचोक्याची खळ लावत होते.

विश्रामतात्या कुडाळकडचे चित्रकथी. म्हणजे रंगवलेली चित्रं एकामागून एक समोर उभी धरायची आणि त्यांची गोष्ट गाऊन सांगायची, हा त्यांच्या घरचा पिढीजात धंदा. चित्रांच्या गठ्ठ्याला ते पोथी म्हणत. वय अठ्ठ्याहत्तर. बोलणं कमी, आणि जे बोलायचे तेही समोरच्याला गोड वाटावं म्हणून कधी बोलले नाहीत.

विचारणारी शाल्मली कारखानीस. दहा वर्षांपूर्वी चित्रकलेच्या कॉलेजातून पंधरा दिवसांसाठी म्हणून इथे आली आणि दोन वर्षं राहिली. आता ती पुण्यात कार्टून मालिका करते. मोठी झाली आहे, नाव झालं आहे. तरी अडलं की याच पडवीत येऊन बसते, हे तिच्या बाजूने सांगायला हवं.

“तात्या, मला चार वाजेपर्यंत उत्तर द्यायचंय.”

“आता किती वाजले?”

“अकरा.”

“मगे खूप येळ हा,” तात्या म्हणाले आणि खळ लावत राहिले.

भानगड अशी होती. शाल्मलीची पहिली मालिका ‘काळदरीचा राखणदार’. तिच्यात रुद्राजी नावाचा योद्धा, हातात विजेचा भाला. लोकांनी रुद्राजीला डोक्यावर घेतलं. पोरांच्या डब्यांवर, दप्तरांवर रुद्राजी आला. मग दुसरं पर्व निघालं. त्यात रुद्राजीचा पहिल्याच भागात दगड होतो आणि दरी राखायला उरते त्याची नात तेरणा. वय पंधरा. ही पोरगी पहिल्याच दिवशी तो विजेचा भाला नदीत घालवून बसते.

झालं! लोक खवळले.

दहा भागांपैकी सहा होऊन गेले होते. चॅनेलवाल्यांचा फोन आला, की शेवटच्या भागात रुद्राजीला दगडातून बाहेर काढा, त्याच्या हातून दरीत अडकलेल्या नातीला सोडवा, लोक खूश होतील. नाही म्हणालात तर तिसरं पर्व विसरा.

शाल्मलीने तीन वर्षं तेरणा रेखाटली होती. शेवट पहिल्या दिवसापासून ठरलेला होता, की पोरगी नखं तुटेस्तोवर दगडांना धरून एकटी वर येते. आणि आता पिशवीत दोन चित्रं होती. एक ते. दुसरं परवा रात्री घाईने काढलेलं, रुद्राजीने तिला काखोटीला मारून वर आणल्याचं.

दुसरं चित्र काढताना तिला रडू आलं होतं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

“लोकांचं ऐकायला नको का, तात्या? मी कोण मोठी लागून गेले?”

शाल्मलीला एकच गर्व होता, आपल्याला गर्व नसल्याचा. तात्यांना तो ठाऊक होता.

“काय म्हणतत लोक?”

तिने फाइल काढली. फाइल कसली, जाडजूड पोथीच ती! लोकांनी मोबाइलवर लिहिलेलं एकूण एक मत तिने छापून आणलं होतं. बऱ्यांना हिरवी चिठ्ठी, वाइटांना लाल. दुरून पाहिलं तर फाइल लालच दिसत होती.

“चारशे बारा आहेत. पाचामुखी परमेश्वर म्हणतात ना?”

“पाच तोंडां ठीक हत. चारशे बारा बघून परमेश्वर पळान गेलो असतलो,” तात्या म्हणाले. “वाच.”

तिने वाचलं.

“‘रुद्राजी असता तर अशी वेळ आली नसती.’”

“हं.”

“‘पोरगी फार आगाऊ आहे. मोठ्यांना उलट बोलते. आमच्या मुलांनी हेच शिकायचं का?’”

“हं.”

“‘पहिलं पर्व म्हणजे सोनं. हे म्हणजे पितळ, तेही न घासलेलं.’ हे एका मास्तरांनी लिहिलंय. ‘नाक केवढं काढलंय!’ आणि त्याच्याच खाली एकीने लिहिलंय, ‘नाक सोडून हिच्यात बघण्यासारखं काही नाही.’”

तात्यांच्या मिशा हलल्या. बहुधा हसले.

“‘मूर्ख मुली, त्या सापाला का सोडलंस? भोग आता!’ ‘तेरणा, तुझा आजोबा दगड होऊनसुद्धा तुझ्यापेक्षा जास्त कामाचा आहे.’ ‘जरा शांत बस ना गं, बाई!’...”

ती वाचत गेली. अर्धा तास वाचत होती. आवाज आधी ठणठणीत होता, मग बसत गेला. तात्यांच्या सूनबाई चहा ठेवून गेल्या. तो निवला, वर साय धरली. चांगल्या मतांच्या हिरव्या चिठ्ठ्या तिने वाचल्याच नाहीत. त्या तिला खऱ्या वाटत नव्हत्या, लाल तेवढ्या खऱ्या वाटत होत्या. माणसाचं असंच असतं.

दोनशेव्या मताच्या आसपास ती थांबली.

“पुरे?”

“तुझी पोथी. तूच ठरव.”

...

तिने फाइल मिटली. ती इथे शिकत होती तेव्हा तिला एक खोड होती. चित्र उभं धरलं की सांगणारा चित्राच्या मागे असतो, त्याचं तोंड लोकांना दिसत नाही. शाल्मली मात्र गाता गाता कडेने डोकावून बघायची, लोक हसले का, कुणी उठून गेलं का. एकदा देवळात तिने असं डोकावलं आणि तात्यांनी तिच्या हातातलं चित्र काढून घेतलं. महिनाभर नुसते टाळ वाजवायला बसवलं होतं. का, ते त्यांनी सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही.

आता मात्र तिला विचारायचंच होतं. चारशे बारा मतांचं ओझं घेऊन ती पुण्याहून आली होती खरी, पण तिला खरं तर एकच मत हवं होतं. ते मागायची तिला भीती वाटत होती.

“तात्या... तुम्ही बघितलीत का?”

“बगलंय.”

“किती भाग?”

“सगळे. सून लावन् दिता फोनवर. शनवारी सात वाजता.”

“मग... कशी वाटली?”

तात्यांनी खळीचं भांडं जरा दूर सारलं. बोटं धोतराला पुसली. अंगणात कोंबडी काहीतरी उकरत होती, तिच्याकडे बघत बसले.

...

“माका नाय आवडाक.”

शाल्मलीला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. पण नीटच आलं होतं. चारशे बारा मतांनी जे झालं नव्हतं ते या तीन शब्दांनी झालं, तिचे डोळे भरून आले. तिने ते लपवायचा प्रयत्न केला नाही. लपवून कुणापासून लपवणार?

“काय नाही आवडलं?”

“तां चेडू.”

“तेरणा?”

“कोणाचा म्हणून आयकणा नाय. भालो घालवल्यान. सापाक सोडल्यान. मी तेका सांगलंय, त्या पाण्यात उतरू नको, खाली भोवरो हा. उतरलां!”

“कुणाला सांगितलंत?”

“तेका.”

“म्हणजे... फोनला?”

“फोनाक कित्याक सांगू? चेडवाक सांगलंय.” तात्यांचा आवाज चढला होता. दहा वर्षांत तिने तो असा चढलेला ऐकला नव्हता. “सून हसाक लागली माका. हसांदे. पाण्यात उतरलां, पाय अडाकलो, आनि तुमचो भाग थंयच संपलो! शनवारपासून माका जेवान गोड लागणा नाय. आगाऊ चेडू! मोठ्या मान्साचा जरा आयकला तर काय जाता?”

आतून सूनबाईंचा आवाज आला, “रोज विचारतत माका, आज शनवार काय गो?”

“तू गप रव,” तात्या म्हणाले.

शाल्मलीने डोळे पुसले. तिला हलकं वाटलं, पण चुकीच्या कारणाने. उत्तर मिळालं असं तिला वाटलं. तात्यांनाच पटत नाही, मग संपलं. चार वाजेपर्यंत थांबायचीही गरज नाही. तिने घाईने पिशवीतून ते दुसरं चित्र काढलं आणि चटईवर त्यांच्यापुढे पसरलं.

“म्हणून तर हे केलंय, तात्या. बघा. रुद्राजी येतो. तिला उचलतो. आता तिला काही होत नाही.”

तात्यांनी चित्र उचललं. उजेडात धरलं. बराच वेळ बघितलं. रुद्राजीचा दंड, त्याची दाढी, भाला, काखेत लोंबणारी पोरगी.

“हात बरो काढलंस,” ते म्हणाले.

“मग हे ठेवू?”

तात्यांनी कागद दोन बोटांत चिमटून पाहिला.

“जाड हा. खंयचो?”

“पुण्याचा. चांगल्यातला आहे.”

तात्यांनी मान हलवली. मग त्यांनी ते चित्र चटईवर पालथं घातलं, खळीचं भांडं ओढून घेतलं आणि कागदाच्या पाठीवर या कडेपासून त्या कडेपर्यंत सावकाश खळ फासली. ती काही बोलायच्या आत तो कागद उचलून त्यांनी आपल्या फाटक्या चित्राच्या पाठीला चिकटवला. तळव्याने दाबला. कोपरे नीट बसवले. रुद्राजीचं तोंड खळीने माखलं होतं, ते धोतराच्या सोग्याने पुसून काढलं. पोथीचं चित्र आता ताठ उभं राहत होतं.

शाल्मलीला आधी राग आला. परवा रात्रभर जागून काढलेलं चित्र होतं ते! मग लक्षात आलं, की आपल्याला वाईट वाटत नाहीये. जरा बरंच वाटतंय.

पिशवीत आता एकच चित्र उरलं होतं.

“आणि हे लोक, तात्या?” तिने फाइलीवर हात ठेवला. “ते चिडलेत तिच्यावर.”

“चिडांदेत.”

“तुम्हीसुद्धा चिडलाय.”

“चिडलंय तर! अजून चिडलेलो आसंय.”

“तुम्हाला ती आवडत नाही.”

“नाय आवडत.”

“मग मी काय करू?”

...

तात्यांनी चित्र वाळायला भिंतीशी उभं केलं. निवलेला चहा उचलला, वरची साय बोटाने बाजूला केली.

“भांडान माझां आनि त्या चेडवाचां. तू मधी कित्याक पडतंस?”