उंबरमाथ्याच्या वहाणा

उंबरमाथ्याला पाहुणा आला, की त्याच्या चपला घरची बाई उचलून उताराकडे तोंड करून ठेवते. पाहुणे हसतात. पण हवाच अशी, समोर दरीभर ढग, ताटात ताजा मध, हसताहसता माणूस बोलून जातो, "इथंच राहावंसं वाटतं हो!" मग त्या बाईचं हसणं मावळतं. "उतरा आता," ती म्हणते, "उजेड आहे तोवर."

असे सांगतात, की फार मागे ठकू नावाची बाई खालच्या गावातून इथे नांदायला आली. डोंगर देखणा, पण जीव लावायला आपलं माणूस नाही. सात वर्षांनी कारवी फुलली, तेव्हा तिची धाकटी बहीण मैना बघायला वर आली. तान्ही लेक सासूपाशी ठेवून, एका मुक्कामाच्या बोलीवर. जांभळा झालेला डोंगर पाहून ती म्हणाली, "अक्का, पायच निघत नाही गं."

ठकूला ते फार गोड लागलं. शेजारची गोदाआत्या कुंपणावरून डोकावून म्हणाली म्हणे, "ठके, पाठव तिला. अंगावर पितं पोर आहे तिचं."

"तुला गं कशाला उठाठेव, आत्या?" ठकू म्हणाली. तिने मैनेच्या वहाणा नेल्या, डोंगरआईच्या पायरीवर देवळाकडे तोंड करून ठेवल्या आणि नवस बोलली, "माझ्या बहिणीला इथंच ठेव. साडीचोळी करीन."

सकाळी खालून निरोप आला: पोर वरच्या दुधाला तोंड लावीना. मैना अनवाणीच धावली. खिंड ओलांडली, धुक्यातून उतरत राहिली, आणि धुकं विरलं तेव्हा ठकूच्याच अंगणात उभी. पुन्हा उतरली. पुन्हा तेच अंगण. तेव्हा ठकू देवळाकडे धावली. तिने पायरीवरच्या वहाणा उताराकडे फिरवल्या, नाक घासलं. पहाटे पाहते तो वहाणा पुन्हा देवळाकडे वळलेल्या.

मग ठकू रोज खाली जाऊन पोर खिंडीत आणी. मैना तिथे बसून पाजी, आणि ऊन कलायच्या आत स्वतःच पोर परत देई. "ने अक्का. हिलाही ठेवून घेईल हा डोंगर." असं वर्षभर चाललं. पोर भाकरी खाऊ लागलं, त्या दिवशी मैना खिंडीतून उठलीच नाही. ठकूने खांद्याला हात लावला, तो गार दगड.

ठकूने साडीचोळी केली. नवस फळला होता ना.

आजही तो दगड खिंडीत दरीकडे तोंड करून बसलेला आहे, आणि भर चैत्रातही छातीशी ओला असतो. आजही उंबरमाथ्याला पाहुण्याला कुणी 'राहा' म्हणत नाही. आणि एखाद्या सकाळी, रात्री नीट फिरवून ठेवलेल्या चपला घराकडे वळलेल्या दिसल्या, तर घरची बाई चूलही पेटवत नाही. पाहुण्याला हाताला धरून ती आधी खिंडीपार सोडून येते.