गोजराईचं पांघरूण

घाटात मोटारीचा रस्ता व्हायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तेव्हा कोकणातून देशावर जायचं तर पायी जायचं, आणि पायी जायचं तर हिरडखिंड ओलांडूनच जायचं. खिंडीत धुकं असं दाटायचं की पुढच्या माणसाची पाठ दिसायची नाही. त्याच्या काठीचा आवाज ऐकत मागच्यानं पाऊल टाकायचं. खिंडीच्या तोंडाशी बारकंसं गाव, त्यालाही हिरडखिंडच म्हणत. गावाबाहेर, वाटेला लागून, वाटसरूंसाठी बांधलेली दगडी धर्मशाळा. त्या गावात गोजरा राहायची.

गोजराचा नवरा धाकू. बैलांवर मीठ लादून तो देशावर न्यायचा. घरात खाण्यापिण्याची ददात नव्हती, पण गोजराच्या पोटी मूल टिकत नव्हतं. एक गेलं, दुसरं गेलं, तिसऱ्यानं तर डोळेच उघडले नाहीत. पुढच्या खेपेला धाकूनं तिला डोलीत घालून घाटाखालच्या मिशनच्या दवाखान्यात नेलं. तिथं मुलगी झाली. नाव ऐकूनच मरणानं तोंड फिरवावं, म्हणून तिचं नाव ठेवलं चिंधी.

त्या दवाखान्यात एक म्हातारी सिस्टर होती. मराठी तिला मोडकंतोडकं यायचं. ती रोज बघायची, ही बाई झोप म्हणून घेत नाही, पोरीच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघत बसते. सिस्टरनं तिच्या हातात टोकाला आकडा असलेली सुई दिली, लोकरीचा एक गुंडा दिला आणि म्हणाली, "हात रिकामे, मग भीती फार."

क्रोशाचं विणकाम गोजरानं कधी पाहिलंही नव्हतं. आधी साखळीचं इवलंसं कडं करायचं, कड्यात खांब घालायचे, खांबांवर कमानी, कमानींतून पाकळ्या, आणि मग सगळ्याला चौकोनी काठ. पहिलं फूल असं वाकडं झालं की सिस्टर पोट धरून हसली, आणि किती तरी दिवसांनी गोजराही हसली.

घरी आल्यावर तिला फुलांचा नादच लागला. खिंडीतून धनगरांचे कळप जात. धनगरणी तिला लोकर कातून देत. पळसाच्या फुलांत बुडवून ती केशरी करायची, हिरड्याच्या पाण्यात पिवळी. चिंधीला पहिला दात आला, त्याचं एक फूल झालं. चिंधी उंबरा ओलांडून गेली, त्याचं एक. एकदा कुत्र्याच्या पिल्लाला घाबरून ती पडली आणि रडली, तर त्याचंही झालं, काळ्याभोर लोकरीचं. फुलाला फूल जोडत पांघरूण वाढू लागलं. पोर जेवढी वाढे तेवढं पांघरूण वाढे. चिंधी त्यावर लोळायची, एकेका फुलावर बोट ठेवून विचारायची, "आये, हे कशाचं?" आणि उत्तर पाठ असूनही पुन्हा ऐकायची.

मग एका पावसाळ्यात चिंधीला ताप आला. घाट बंद होता, ओढे फुटले होते, दवाखान्यात न्यायला वाट नव्हती. गोजरा उशाशी बसून सुई चालवत होती. चिंधीनं डोळे उघडले.

"आये, हे कशाचं गं?"

"तू बरी झालीस ना, त्याचं."

ते फूल अर्ध्यावरच राहिलं.

गोजरा रडली नाही, असं म्हणतात. तिनं पांघरुणाची घडी घातली आणि ते लाकडी पेटीत ठेवलं. सुई कुठं टाकली, तिलाही आठवेना. दुपारी घरात कुणी नसलं की ती पेटी उघडायची, घडीत तोंड खुपसायची, आणि पेटी बंद करायची. धाकूला माहीत होतं.

दोन-तीन वर्षं अशीच गेली. मग देशावर पाऊस पडेनासा झाला. विहिरी आटल्या, गुरं मेली, आणि माणसं घाट उतरून कोकणाकडं निघाली. पौषातली थंडी, आणि खिंडीतून माणसांची रांग. हिरडखिंडीतल्या लोकांनी होईल ते केलं. कुणी पेज नेऊन दिली, कुणी घोंगडी दिली. गोजरानंही घरातल्या होत्या नव्हत्या त्या घोंगड्या दिल्या.

एके दुपारी आभाळ काळवंडलं आणि गारा पडल्या. धर्मशाळेत पाय ठेवायला जागा उरली नाही. गोजरा पेजेचं मडकं घेऊन गेली, तेव्हा दाराशीच एक बाई बसली होती. मांडीवर चार-पाच वर्षांचं पोर. ओलंचिंब. त्याचे दात एकमेकांवर वाजत होते.

"बाई," ती म्हणाली, "एखादं पांघरूण असंल तर द्या. उजाडलं की परत करते."

गोजराच्या डोळ्यांपुढं पेटी आली.

"घरात काही न्हाई," ती म्हणाली.

घरी येऊन ती पेटीपुढं बसली. पेटी उघडली, बंद केली. पुन्हा उघडली. त्यात चिंधीचा वास होता; दुसऱ्या अंगावर गेला की तो जाणार होता. धाकू बैल बांधून आत आला, तिच्याकडं बघत उभा राहिला. म्हणाला, "गोजरे, ती गेली. वासानं परत यायची न्हाई."

तरीही ती बसूनच राहिली. आणि मग, दिवेलागणीला, एकदम उठली. पांघरूण छातीशी धरून अनवाणी धावत सुटली. गारांचा खच पडला होता, तळव्यांतून रक्त आलं, तिला कळलं नाही.

बाई तिथंच होती. पोर मांडीवरच होतं. दात वाजायचे थांबले होते.

"र्‍हाऊ द्या आता," ती बाई हळूच म्हणाली. "आता त्याला थंडी वाजत न्हाई."

गोजरा मटकन खाली बसली. तिला खोटं बोलता आलं असतं, आत्ताच कुणाकडून तरी मागून आणलं असं सांगता आलं असतं. पण ती म्हणाली, "हे माझ्याकडं व्हतं. दुपारी बी व्हतं. मी न्हाई म्हणाले."

त्या बाईनं तिच्याकडं पाहिलं, मग पांघरुणाकडं पाहिलं. फुलांवरून बोट फिरवत ती त्या अर्ध्या फुलापाशी थांबली.

"कोण गेलं तुमचं?"

"लेक."

"नाव काय व्हतं?"

"चिंधी."

बाईनं पोराच्या कपाळावरचे ओले केस मागं सारले. मग म्हणाली, "ह्याचं नाव दगडू."

दोघींना आणखी काही सांगावं लागलं नाही. चिंधी काय आणि दगडू काय, आधीची पोरं गेलेल्या आयांनीच ठेवलेली ही नावं. गोजराच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा हंबरडा फुटला. चिंधी गेली तेव्हापासून अडकलेलं रडू त्या धर्मशाळेत बाहेर पडलं, आणि त्या परक्या बाईनं तिला जवळ घेतलं. आपलं पोर मांडीवर असताना.

दगडूला गोजराच्या पांघरुणातच गुंडाळून हिरड्याच्या झाडाखाली मूठमाती दिली. धाकूनं खड्डा खणला. चिंधीचा दात, चिंधीचं पाऊल, ते कुत्र्याचं पिल्लू, सगळं त्याच्याबरोबर मातीत गेलं. ती बाई इतरांबरोबर घाट उतरली. तिचं नाव कुणी विचारलं नाही, आणि ती पुन्हा या वाटेनं आली नाही.

त्या दिवसापासून गोजरानं सुई पुन्हा हातात घेतली. धाकूनं बांबूची कामटी तासून नवी करून दिली. ती पांघरुणं विणायची आणि धर्मशाळेत नेऊन ठेवायची. कुणी वाटसरू ते बरोबर घेऊन गेला तर नेऊ द्यायची, आणि पुन्हा नवं विणायला घ्यायची. गाव तिला गोजराई म्हणू लागलं. तिच्या लोकरीचा गुंडा कधी संपायचा नाही, असं म्हणतात. एका हिवाळ्यात धर्मशाळेत माणसांवर माणसं दाटली आणि पांघरूण एकच होतं. ह्या कोपऱ्यातल्यानं ओढलं, त्या कोपऱ्यातल्यानं ओढलं, आणि ते ओढू तेवढं पसरत गेलं. सकाळी बघतात तर कुणाचेही पाय उघडे नव्हते. असं म्हणतात. पण गोजराईला कुणी हे सांगितलं की ती मान खाली घालायची. म्हणायची, "एकदा पसरायचं व्हतं तवा पसरलं न्हाई."

ती म्हातारी झाली, धाकूही म्हातारा झाला. एका मार्गशीर्षात देशावरनं एक वऱ्हाड निघालं होतं आणि भरदिवसा धुकं उतरलं. असं धुकं की धर्मशाळेच्या पायरीवरून अंगण दिसेना. आणि त्या धुक्यातून गावाला हाका ऐकू आल्या, त्याही कड्याच्या बाजूनं. वऱ्हाड वाट चुकून कड्यावर गेलं होतं. पुढं खाई, मागची वाट दिसत नाही. गावातले गडी ओरडून ओरडून थकले, पण धुक्यात हाक भलतीकडूनच ऐकू येई. पाऊल टाकायची कुणाची छाती होईना.

गोजराई तेव्हा धर्मशाळेत नवं पांघरूण ठेवायला आली होती. तिनं त्याच्या कोपऱ्याचं फूल उसवलं, लोकरीचं टोक धाकूच्या हातात दिलं.

"घट्ट धरून र्‍हावा."

"कवर?"

"श्येवटचं माणूस येईस्तवर."

आणि ती निघाली. चालता चालता फूल उसवायची, संपलं की दुसऱ्या फुलाच्या लोकरीला गाठ मारायची, पुन्हा चालायची. गुडघ्यांनी साथ सोडली होती, पण बोटं चालत होती. एका पांघरुणाची लोकर कड्यापर्यंत पुरणार नाही, हे गावातल्या पोरालाही कळलं असतं. ती पुरली, असं म्हणतात.

बऱ्याच वेळानं धाग्याला हात लावत लावत एक माणूस धुक्यातून बाहेर आला. मग दुसरा, मग वाजंत्री, मग नवरदेव, बायका, पोरंबाळं. सगळ्यांत शेवटी आली नवरी. धाकूनं विचारलं, "मागं कोण हाय?"

"आजीबाई हायेत. त्या म्हणल्या, तू हो म्होरं. पायात नवी जोडवी हायेत, दगडावर घसरशील, बेतानं जा."

धाकूनं धागा सोडला नाही. तो त्याच्या बोटांत हलत होता, थोडा ओढल्यासारखा, थोडा सैल, पलीकडच्या टोकाला कुणी साखळी घालत बसावं तसा. मग तो हलायचा थांबला.

धुकं विरल्यावर गडी धाग्यामागून गेले. करवंदीच्या जाळीवरून, दगडांवरून, धागा थेट कड्याच्या टोकापर्यंत गेला होता. आणि तिथून खाली. दोन दिवस खाई धुंडाळली. गोजराई सापडली नाही. कुणी म्हणालं पाय घसरला, कुणी म्हणालं खालून तिला पोरांचं हसणं ऐकू आलं असेल. धाकूला विचारलं तर तो एवढंच म्हणाला, "गेली आपल्या लेकरांत." आणि धागा गुंडाळत बसला.

आता घाटात डांबरी रस्ता आहे. पायी जाणारं कुणी फारसं उरलं नाही. तरी पौष लागला की हिरडखिंडीत घरोघरी एक फूल विणतात. सासुरवाशिणी विणतात, शाळेतली पोरंही विणतात. वाकडं झालं तरी चालतं, उसवायचं नाही असा रिवाज आहे. ज्या घरातलं कुणी त्या वर्षी गेलं असेल, त्या घराचं फूल मधोमध लावतात. मग सगळ्या बायका धर्मशाळेत जमून फुलं जोडतात, आणि पांघरूण तिथल्या खुंटीला टांगून येतात. दाराला कडी नाही.

कधी मेंढरंवाला येतो, कधी बंद पडलेल्या ट्रकचा क्लीनर, कधी कुणी घरातून रागावून निघालेला. एखाद्या सकाळी खुंटी रिकामी दिसते. गावात नवीन आलेली सून धावत येऊन सांगते, "आत्याबाई, पांघरूण चोरीला गेलं."

"चोरीला कशानं जाईल?" म्हातारी म्हणते. "न्यायलाच ठेवलं होतं." आणि ओट्यावर सरकून, सुनेला शेजारी बसायला जागा करते, तिच्या हातात लोकर देते आणि साखळीचं पहिलं कडं कसं घालायचं ते दाखवते.