शेवटचा झटका

आटपाट नगर नव्हतं ते, थंडीनं काकडलेला डोंगरावरचा पाडा होता. तिथल्या डिझेल पिकअपमध्ये एक म्हातारी बॅटरी राहायची. एका पहाटे गाडीत पहिलटकरीण रुमाली कळा सोसत होती आणि तिचा दीर रायसिंग घाईघाईनं चावीवर चावी मारत होता. इंजिन नुसतंच खोकायचं. आता बॅटरीत एकाच झटक्यापुरती धुगधुगी उरली.

"आण ती इकडं!" इंजिन फिरवणारा स्टार्टर गुरगुरला. "बाई अडलीय, दिसत नाही?"

"आधी मला घोटभर दे, आजी," हीटर प्लग म्हणाला. "आत ऊब नाही, डिझेल पेटणार कसं?"

"करंगळीएवढा तू, इंजिन उठवणार?" स्टार्टर त्याच्यावर खेकसला.

रुमाली किंचाळली. तरी बॅटरीनं प्लगलाच आधी पाजलं. मीटरवर प्लग तापत असल्याचा पिवळा दिवा लागला. तो बघून रायसिंगचा हात थबकला. प्लग पुरता तापला, तसा दिवा विझला.

मग चावी फिरली आणि इंजिन धडधडत उठलं.

"बघितलंस? एका झटक्यात!" स्टार्टर फुशारला.

"हो रे बाबा," बॅटरी म्हणाली. "मघाचे सगळे झटकेही तुझेच होते."