साळू म्हणाली, पुन्हा सांगा

फार पूर्वी प्राणी संध्याकाळी वडाखाली जमून पटावरचे नवनवे खेळ खेळत, तेव्हाची ही गोष्ट. एकदा साळू साळिंदर पहिल्यांदाच तिथे आली. नेहमी जिंकणाऱ्या कोल्होबांनी नव्या खेळाचे नियम भराभरा सांगितले. "कळलं ना?" सगळ्यांनी माना डोलावल्या.

साळूला काहीच कळलं नव्हतं. न कळता खेळण्यापेक्षा घरी बसलेलं बरं, असं तिला वाटलं. ती ठामपणे म्हणाली, "मला नाही कळलं. पुन्हा सांगा."

कोल्होबा हसले. "इतकं सोपं तर आहे! मुंगसा, तूच सांग हिला."

मुंगूस खाली बघू लागला. "मलाही नाही कळलं. मागचा खेळसुद्धा नव्हता कळला." मग ससा आणि मोरही तेच म्हणाले.

साळू सरसावून बसली. "हं, कोल्होबा, आता सावकाश सांगा."

त्या संध्याकाळी कोल्होबा पहिल्यांदाच हरले, आणि खेळ संपला तरी कुणालाच घरी जावंसं वाटेना. कोल्होबांनाही.