नळीने दिलेली जागा

नळ्यासुद्धा बोलत असत, त्या काळची गोष्ट. गोदाक्कांचा खुबा मोडला, म्हणून दवाखान्यात त्यांना लघवीची नळी घातली होती. नळी फार मायाळू. कुणी दमलेलं दिसलं की तिचा जीव कळवळायचा.

एकदा एक जंतू धापा टाकत आला. "बाई, ही धार मला कुठे टिकू देत नाही. घटकाभर टेकू का?"

"टेक की बाबा," नळी म्हणाली.

जंतू टेकला तो चिकटलाच. मागून त्याचे भाऊबंद आले आणि सगळ्यांनी मिळून अंगावर एक बुळबुळीत पांघरूण ओढलं. नळीला वाटलं, थंडी वाजत असेल बिचाऱ्यांना.

गोदाक्का तापाने फणफणल्या. औषध आलं, पण पांघरुणावरूनच वाहून गेलं.

"आता निघा रे," नळी काकुळतीला आली.

"कुठे जाणार? आमचं घर आहे हे," जंतू म्हणाला, आणि त्याला ते खरंच वाटत होतं.

शेवटी सिस्टरने नळी काढून लाल पिशवीत टाकली. तिथे जंतू रडवेला होऊन म्हणाला, "तू तरी आम्हाला घरात घेतलंस."

"घेतलं खरं," नळी म्हणाली. "पण घर गोदाक्कांचं होतं. त्यांना विचारायचं राहून गेलं."