वाटाड्याचा परतीचा माल

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतक्या पूर्वीची, की तेव्हा बैल बोलत असत आणि माणसं त्यांचं ऐकूनही घेत.

समुद्रकाठच्या एका गावात एक मोठा व्यापारी राहत होता. त्याचा बैलांचा तांडा पाठीवर मिठाच्या गोण्या घेऊन घाट चढायचा आणि वरच्या मुलखात मीठ विकून यायचा. घाटातली वाट अशी अवघड, की नवखा माणूस पहिल्याच वळणावर चुकावा. तांड्याचा वाटाड्या मात्र ती डोळे मिटून चालला असता.

नुसती वाट दाखवून तो थांबत नसे. तांडा निघण्याआधी अंगणात बसून तो सगळ्या खेपेचा विचार करायचा. यंदा मीठ कोणत्या बाजारात कमी पडलंय? आपल्याआधी तिथे दुसरं कोणी पोचलंय का? झरा आटला असेल तर मुक्काम कुठे हलवायचा? आणि परत येताना काय भरायचं? बैल रिकाम्या पाठीने खाली उतरता कामा नये, हा त्याचा नियम. गूळ नाही तर ज्वारी, ज्वारी नाही तर मिरच्या. "जाताना वाटखर्च सुटतो, नफा परतीच्या मालात असतो," असं तो म्हणायचा. तांड्यातला कोणी "पुढचं पुढे बघू" म्हणाला, की त्याचा पारा चढायचा.

व्यापारी त्याच्यावर खूश होता. वाटाड्याची बायको मात्र अधूनमधून त्याला विचारायची, "तुमचे गुडघे दुखायला लागलेत. पुढे काय करायचं ठरवलंय?"

"बघू की!" वाटाड्या हसून म्हणायचा. शेठच्या बाबतीत ज्या शब्दाचा त्याला राग यायचा, तोच घरी त्याच्या जिभेवर असा लोण्यासारखा विरघळायचा.

एके दिवशी गावात दवंडी पिटली गेली. राजा घाटातून रुंद रस्ता बांधणार होता. दसऱ्याला तो खुला होणार आणि मग गाड्या थेट वरपर्यंत जाणार.

व्यापाऱ्याने वाटाड्याला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण हिशेबी होता. तो म्हणाला, "रस्ता झाला की आंधळासुद्धा वर जाईल. मग वाटाड्या ठेवून मी काय करू? दसऱ्यापर्यंत राहा. पुढे तुझं तू बघ."

या वयात वाटाड्याला दुसरं काम कोण देणार? घरी जायला पाय उचलेनात. तो तडक गोठ्यात गेला आणि तांड्याच्या पुढे चालणाऱ्या म्हाताऱ्या बैलापाशी बसला.

"आपलं दोघांचंही संपलं रे बाबा," तो म्हणाला.

"मला कशाला मोजता त्यात?" बैल रवंथ करत म्हणाला. "मी आखाडापासून जू मानेवर घ्यायला शिकतोय. उतारावर गाडी तोलायचंही आता थोडंफार जमतं."

"अरे, पण रस्ता होणार हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? राजाची माणसं घाटात दोऱ्या धरून मापं घेत नव्हती का? त्यांना पिण्याचं पाणी तर तुम्हीच दाखवलंत, धनी. मला वाटलं, तुमच्या ध्यानात आलं असेल."

वाटाड्या खजील झाला. बैलाने शेपटीने माशा वारल्या आणि तो पुढे म्हणाला, "रागावणार नसाल तर एक बोलतो. माझी पाठ तुम्ही कधी रिकामी आणली नाहीत. स्वतः मात्र दर खेपेला रिकामे उतरलात. मीठ उतरवलं, झाडाखाली ताणून दिली, खाली आलात. ना कोणाशी ओळख वाढवली, ना काही नवं शिकलात. शेठचा परतीचा माल होता. तुमचा कुठे होता?"

वाटाड्याला असा राग आला, की तो ताडकन उठून घरी गेला. खरं बोलणं झोंबतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा अंगणात बसला. या खेपेला माल म्हणजे तो स्वतःच होता. आपल्याजवळ काय आहे? वाट ठाऊक आहे, पण ती आता कोणी विचारणार नाही. मात्र कोणत्या बाजारात कधी काय खपतं, हेही ठाऊक आहे, आणि ते काही रस्ता सांगत नाही. ते कोणाला हवं असेल? एका शेठला नव्हे, गाडी असलेल्या प्रत्येकाला! त्याने बायकोला सगळं सांगितलं. "आता कसं माणसासारखं बोललात," ती म्हणाली.

दसऱ्यापर्यंत जेवढ्या खेपा झाल्या, त्यांतल्या एकाही खेपेला वाटाड्या झाडाखाली झोपला नाही. आधी एका सुताराकडे तो चाकं बनवायला शिकू लागला. लाकूड फाटलं, सुतार हसला, आणि वाटाड्याने तो नाद सोडून दिला. न खपणारा माल पुन्हा भरायचा नसतो, हे त्याला धंद्याने शिकवलंच होतं. मग तो गावोगावच्या दुकानदारांच्या ओट्यावर बसू लागला, त्यांच्या घरचं ताक पिऊ लागला, आणि बाजाराची खबर येणाऱ्याजाणाऱ्यांबरोबर धाडण्याचं त्यांनी कबूल केलं. एवढं करूनही कोणी सल्ला विचारायला आलं नाही तर? म्हणून घाटमाथ्यावर गाड्यांच्या बैलांना चारापाणी देण्यापुरती जागाही त्याने पाटलाकडून मागून घेतली.

रस्ता खुला झाला. झाडून साऱ्या व्यापाऱ्यांनी गाड्या भरल्या आणि सगळेच पहिल्या बाजारात जाऊन थडकले. तिथे मिठाचे असे ढीग लागले, की मातीच्या मोलानेही कोणी घेईना. पलीकडच्या मुलखात मात्र लोक अळणी जेवत होते. ते ठाऊक असलेला माणूस घाटमाथ्यावर बैलांना पाणी दाखवत होता, आणि हळूहळू गाडीवान त्याला विचारूनच पुढे जाऊ लागले.

एके सकाळी जुना शेठही आला. चेहरा उतरलेला होता. "माझं चुकलं," तो म्हणाला. "उद्यापासून ये कामावर."

"शेठ, वाटेला आता वाटाड्या नको," वाटाड्या हात जोडून म्हणाला. "मालाला मात्र हवा. नोकरीवर काही मी येणार नाही. पण गाड्या भरण्याआधी विचारायला जरूर येत जा. हे सगळे येतात, तसेच."

शेठने चारापाण्याच्या जागेपुढच्या ओट्याकडे पाहिलं. तिथे गाडीवान आपापली पाळी येण्याची वाट बघत बसले होते. तो मुकाट्याने गेला आणि सगळ्यांच्या शेवटी बसला.

तात्पर्य: मालकाच्या धंद्याचा जेवढा पुढचा विचार आपण करतो, तेवढाच आपल्या कामाचाही करावा, आणि तो दिवस बरे असतानाच करावा.